कालीगंडकीच्या वाटेची तयारी

मोहाची फुलं पडायला लागली की आमच्या घरात ते आधी मुकुंदला कळतं. मी अजून अंथरुणात असते आणि तो गॅलरीच्या दाराशी उभा राहून म्हणतो, "पडायला लागली." सिल्वासाच्या टोकरखाड्यातल्या आमच्या कॉलनीपासून मोहाची झाडं तशी लांब आहेत. मधे कारखान्यांची पत्र्याची छपरं आली, नवीन चाळी आल्या, ट्रकांचा रस्ता आला. पण सकाळचा वारा रांधा गावाच्या बाजूने वाहिला की त्यात तो गोड, ओलसर, जरासा आंबूस वास असतो आणि त्याच्या मागोमाग पाचोळा जाळल्याचा धूर. फुलं नीट वेचता यावीत म्हणून बायका झाडाखालची जमीन जाळून साफ करतात, त्याचा तो धूर. सिल्वासात वसंत असा काळ्या जमिनीवर येतो. राख अजून कोमट असते आणि तिच्यावर पिवळट फुलं पडलेली असतात.

लोकांना हे दिवस परीक्षांचे वाटतात. मीही शिक्षिका आहे, मलाही उत्तरपत्रिकांचे गठ्ठे दिसतात. पण त्या वासाने मला जे आठवतं त्याचा परीक्षेशी काही संबंध नाही. सात-आठ वर्षांपूर्वीच्या अशाच एका चैत्रात आम्ही दोघं परदेशात डोंगरातून सायकल चालवायला निघालो होतो. निघालो होतो म्हणजे, निघायची तयारी करत होतो. ती तयारी हाच आमचा त्या वर्षीचा सगळा उन्हाळा.

मुकुंद आणि मी गुहागरजवळच्या एकाच गावचे, एकाच शाळेतले. म्हणून लग्नानंतरही मी त्याला अरे-तुरेच करत राहिले. कॉलनीतल्या बायकांना पहिल्यांदा ते खटकलं, मग सवय झाली. तो इथल्या प्रशासनात सर्व्हेअर, मी मराठी शाळेत. घरात आम्ही दोघंच. त्याचं आयुष्य उन्हात, दुर्बीण आणि साखळी घेऊन लोकांच्या शेताच्या कडा मोजण्यात चाललेलं. आणि नेमक्या त्याच्याच डोळ्यांच्या कडा जायला लागल्या.

सुरुवात संध्याकाळी झाली. दिवेलागणीला तो उंबऱ्याला अडखळायचा. आम्ही गाजरं खाल्ली, हसलो. मग एकदा मोजणीच्या वेळी दुर्बिणीतून त्याला लांबचा दांडा स्वच्छ दिसला, आणि दुर्बिणीवरून डोळा काढल्यावर अगदी शेजारी उभा असलेला शिपाई दिसला नाही. तो त्याला धडकला. शिपायाला वाटलं, साहेब रागावले.

मुंबईच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून शांतपणे सांगितलं. रात्रीचं आधी जातं, मग बाजूचं, मधलं शेवटी. नळीतून बघितल्यासारखं होत जाईल आणि नळी अरुंद होत जाईल. किती दिवसांत, ते कोणीच सांगू शकत नाही. उपाय नाही. परतीच्या प्रवासात वापीपर्यंत मुकुंद खिडकीबाहेर बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते. तो काय काय साठवून घेतोय, असं माझ्या मनात आलं आणि मी मान वळवली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर त्याने कपाटातून एक नकाशा काढला आणि जमिनीवर पसरला.

तो नकाशा मला माहीत होता. ऐंशीच्या दशकात तो डेहराडूनला प्रशिक्षणाला गेला होता, तिथे काठमांडूचा एक सर्व्हेअर त्याच्या खोलीत राहायचा. त्या माणसाने त्याला कालीगंडकीच्या खोऱ्याबद्दल सांगितलं होतं. हिमशिखरांच्या पलीकडचं कोरडं खोरं. पाऊस तिथवर पोचत नाही. गाड्यांचा रस्ता नाही, खेचरांची वाट आहे, आणि त्या वाटेवरून गोरे लोक जाड टायरच्या सायकली घेऊन उतरतात. पुढे त्यानेच हा नकाशा पाठवला. इतकी वर्षं तो घडी घालून पडून होता. म्हातारपणी बघू, असं आम्ही म्हणायचो.

"मे महिन्यात जायचं," मुकुंद म्हणाला. "तुझी शाळा सुटली की. मुक्तिनाथपर्यंत चढायचं आणि तिथून सायकलने खाली."

मी हो म्हटलं. त्या दिवशी तो चंद्रावर जायचं म्हणाला असता तरी मी हो म्हटलं असतं.

मग रोज संध्याकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत ट्यूबलाइटखाली नेपाळ पसरलेलं असायचं. मी एका कोपऱ्यात भूगोलाचे पेपर तपासत बसायची आणि तो नकाशावर ओणवा, हातात भिंग. समोच्च रेषा जिथे दाट होतात तिथे तो बोट थांबवायचा. म्हणायचा, इथे उतरून चालावं लागेल. इथे मोकळं आहे, इथे ब्रेक सोडून द्यायचे. कागबेनी, झारकोट, मार्फा, तुकुचे. गावांची नावं तो चव घेत उच्चारायचा. दुपारनंतर त्या खोऱ्यात दक्षिणेकडून असा वारा सुटतो की माणूस सायकलसकट मागे ढकलला जातो, म्हणून सकाळीच निघायचं, हेसुद्धा त्याला पाठ होतं. गोरखपूरपर्यंत रेल्वे, सायकली लगेजच्या डब्यात, मग सीमेवरून बसने पोखरा. तो बोलत असताना मी त्याच्या खांद्यावरून नकाशाकडे बघायची आणि मला फक्त एवढंच दिसायचं की कागदाचा डावा भाग बघायला तो आता डोळे नाही, सगळी मान वळवतो.

शेजारच्या गुजराती बेनना हे सगळं फार गमतीचं वाटायचं. त्या म्हणायच्या, "परदेश तो लोको विमानमां जाय, साइकल लईने कोण जाय?" त्यांना डोळ्यांचं ठाऊक नव्हतं. आम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं. फक्त भास्करला.

भास्कर अमळनेरकडचा. इथल्या एका धाग्याच्या कारखान्यात फिटर होता, आमच्या मागच्या चाळीत राहायचा. सायकलचं वेड त्याला आणि मुकुंदला सारखंच; खोऱ्यात मुकुंदबरोबर तो उतरणार आणि मी पोखऱ्याला थांबणार, असं ठरलं. मुंबईहून गिअरच्या दोन जाड टायरच्या सायकली आल्या तेव्हा कॉलनीतली पोरं बघायला जमली होती. रविवारी सकाळी दोघं निघायचे, खानवेलच्या बाजूच्या चढांवर सराव करायला. भास्कर पांढरा शर्ट घालून पुढे असायचा आणि मुकुंदने त्या पांढऱ्यावर नजर ठेवून मागे राहायचं, अशी त्यांची पद्धत ठरली होती. नळीतून एक पांढरा ठिपका दिसला की पुरे. बाजूचं सगळं भास्कर ओरडून सांगायचा. परत येताना दोघांच्या पोटऱ्यांवर लाल माती असायची आणि मुकुंद पोटभर जेवायचा. मला वाटायला लागलं, होईल. हे खरंच होईल.

शिमगा झाला, पळस फुलून गळाले, मोह सुरू झाला. आणि भास्कर एके दिवशी कारखान्यातून थेट आमच्याकडे आला. दारातच उभा राहिला, आत येईना.

"वहिनी, सेठ सुट्टी देत नाही," तो म्हणाला. "गेलो तर परत कामावर घेणार नाही बोलतो. माझी दोन पोरं आहेत. मी काय करू, तुम्हीच बोला."

मी त्याला पाणी दिलं. मुकुंद त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. भास्कर मान खाली घालून गेला. पुढच्या वर्षी, हे शब्द मुकुंदने इतक्या सहज उच्चारले की मला त्यांचा संताप आला. त्या महिन्यात त्याने मला दोनदा विचारलं होतं की खोलीतला दिवा कमी का झालाय. दिवा तोच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भास्करच्या सायकलवर बसायला गेले.

मला सायकल येत नव्हती. कोकणातल्या आमच्या गावात रस्ताच जेमतेम, आणि मुलींनी सायकल शिकायची कल्पनाही नव्हती. पस्तिशी उलटलेली मी, आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस शिवून घेतला आणि शाळा भरायच्या आधी मैदानावर उतरले. मुकुंद मागून सीट धरून धावायचा. तो मला काय शिकवणार, त्यालाच मैदानाची कड दिसत नव्हती. आम्ही दोघं एकदा कुंपणात गेलो, एकदा हापशाच्या कट्ट्यावर. माझी कोपरं फुटली, गुडघे सुजले. टोपल्या डोक्यावर घेऊन जाणाऱ्या वारली बायका थांबून बघायच्या. त्यातली एक म्हातारी म्हणाली, "बाय, उतर गं, हाड मोडशील." आणि तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले. मग परत चढले. वर्गात फळ्यावर लिहिताना हात वर जात नसे, इतके खांदे दुखायचे. पण रोज उठून पहिला विचार हाच यायचा की आज किती दिवस राहिले, आणि त्याला अजून किती दिसतंय.

एका सकाळी सायकल चालली. मुकुंदने हात सोडलाय हे मला कळलंच नाही. मैदानाच्या टोकाला पोचून मागे बघितलं तर तो लांब उभा होता, टाळ्या वाजवत, चेहरा भलत्याच दिशेला.

मग आम्ही रस्त्यावर आलो. आधी खेरडीपर्यंत, मग त्याच्या पुढे. मी पुढे, पांढरी ओढणी पाठीवर घट्ट बांधलेली, तो मागे. मी ओरडत चालवायची. खड्डा. बैलगाडी, उजवीकडून. वळण, डावं. कुसुंबाच्या झाडांना तेव्हा तांबडीलाल पालवी होती, साग उघडे होते, रस्त्यावर वाळकी पानं करकरायची. मला त्यातलं काही बघायला फुरसत नव्हती. माझे डोळे मी दोघांसाठी वापरत होते. शाळेत मुलांना उत्तर ध्रुव दाखवताना माझं बोट नकळत नेपाळवर सरकायचं. मुकुंद मात्र त्या दिवसांत फारसा बोलत नसे. आधी तो नकाशा मला समजावून सांगायचा, आता मीच त्याला प्रश्न विचारायची आणि तो उत्तरं द्यायचा. मला वाटलं, उन्हाने थकतोय.

अपघात खानवेलच्या पलीकडच्या उतारावर झाला. सकाळची वेळ होती. उतार लांब होता आणि पहिल्यांदाच मी ब्रेक थोडे सैल सोडले होते. खाली वळणावर झाडीतून फुलांच्या टोपल्या घेतलेल्या बायका रस्त्यावर आल्या. मी ब्रेक दाबले आणि सायकल डावीकडे घेतली. ओरडायला हवं होतं ते ओरडलेही, पण तोवर मी त्याच्या नळीतून बाहेर गेले होते. तो वेगाने आला आणि माझ्या मागच्या चाकावर आदळला.

मी चरीत पडले. मनगटात काहीतरी कडकन मोडलं आणि छातीतली सगळी हवा निघून गेली. आवाज फुटेना. मुकुंद रस्त्याच्या मधे पडला होता, तो उठला. त्याला फारसं लागलं नव्हतं. तो उभा राहिला आणि मला शोधायला लागला.

"सुमे? सुमे, कुठे आहेस?"

मी त्याच्यापासून चार-पाच हातांवर होते. तो मान इकडून तिकडे फिरवत होता, काळोखात बॅटरी फिरवावी तशी. त्याची नजर माझ्या पायावरून गेली, झाडावर गेली, परत आली, माझ्या डोक्यावरून पुढे गेली. भर सकाळ होती. लख्ख ऊन होतं. मी त्याच्याकडे बघत होते, आणि माझ्या नवऱ्याला मी सापडत नव्हते. शेवटी त्या बायकांपैकी एकीने टोपली खाली ठेवली, त्याचा दंड धरला आणि त्याला माझ्याकडे वळवलं.

हाताला प्लास्टर बसलं. शाळेने सुट्टी दिली. मुकुंद ऑफिसला जाण्याआधी भात-आमटी करून ठेवायचा, माझी वेणी घालायचा. वेणी वाकडी व्हायची. नकाशा कपाटात गेला होता. तो मी डाव्या हाताने ओढून काढला. त्याला म्हटलं, मे नाही तर ऑक्टोबर. तोवर हात बरा होईल, दसऱ्यानंतर तिथे आकाश स्वच्छ असतं. मी उतारावर आता चुकणार नाही. घंटी मोठी बसवू. दोघांच्या सायकली दोरीने बांधू. मी बोलतच राहिले. एकामागून एक उपाय काढत राहिले. गप्प बसले तर काहीतरी कायमचं संपेल अशी मला धास्ती वाटत होती.

तो ऐकत होता. मग त्याने नकाशा माझ्या हातातून घेतला आणि घडी घातली.

"सुमे, मला डोंगर बघायचे नव्हते," तो म्हणाला. "डोंगर मी काय, नकाशातही बघतो. मला एकदा एकट्याने जायचं होतं. कोणी पुढे नाही, कोणी ओरडून सांगत नाही. यापुढे जन्मभर कोणाचा तरी हात धरूनच चालायचंय. त्याच्या आधी एकदा."

मी विचारलं, मग भास्कर?

"भास्कर पुढे आला तेव्हाच ते गेलं. पण तो इतक्या आनंदाने आला. मग तू सायकलवर बसलीस. तुला कसं सांगणार होतो?"

मी त्याच्यावर रागावले. खूप. इतके दिवस पडत, फुटत, रडत मी जे उभं केलं होतं ते त्याला नकोच होतं, आणि ते माझ्यासाठी म्हणून तो माझ्या ओढणीच्या मागे मुकाट्याने चालवत होता. त्या दिवशी मी जेवले नाही. गॅलरीत बसून राहिले. समोरच्या घरात कोणीतरी शेवया वाळत घातल्या होत्या, बेन पापड उलटे करत होत्या, सगळ्यांचा उन्हाळा नेहमीसारखा चालला होता. राग उतरल्यावर खाली काय उरलं ते फार भीतीदायक होतं. त्याचं बरोबर होतं. आणि तो म्हणत होता ते मी कसं होऊ देणार होते?

दोन रात्री मी त्याच विचारात काढल्या. मग त्याला म्हटलं, जा. नेपाळला नको. इथेच, पाहिजे त्या रस्त्याने. मला सांगू नकोस कुठे. मी मागे येणार नाही आणि कोणाला पाठवणार नाही.

तो म्हणाला, उजेड असेतोवर परत येतो.

रविवारी उजाडताच तो निघाला. मी दारातूनच निरोप दिला, रस्त्यापर्यंत गेले नाही. कोणत्या बाजूला वळला ते दिसू नये म्हणून दार लावून घेतलं. मग त्या दिवसाला अंतच नव्हता. एका हाताने धान्य निवडलं, निवडलेलंच परत निवडलं. प्रत्येक ट्रकचा आवाज मी शेवटपर्यंत ऐकला. दुपारी गरम वारा सुटला, धूळ उडाली, तेव्हा मी देवासमोर जाऊन बसले आणि काय मागायचं तेच सुचेना. तो सुखरूप यावा म्हणावं, तर नुसतं तेवढं मागायला तो गेला नव्हता.

ऊन उतरलं तेव्हा भास्कर आला. सायकल जागेवर नाही आणि मुकुंदभाऊ घरात नाहीत, एवढ्यावरून त्याला सगळं कळलं. तो कोणाची तरी मोपेड घेऊन आला आणि दारात उभा राहून म्हणाला, मी बघून येतो, खानवेलच्या रस्त्यानेच गेले असतील. माझा चांगला हात आपोआप दाराकडे गेला होता. जा, पळ, आण त्याला, हे शब्द माझ्या तोंडात होते.

"नको," मी म्हटलं. "भास्कर, मी शब्द दिलाय."

"अंधार पडून राहिला, वहिनी."

"मला दिसतोय."

तो मोपेड बंद करून पायरीवर बसला. मग त्यालाही बसवेना, तो गेला. सूर्य बुडाला. मी खाली फाटकापाशी जाऊन उभी राहिले. तेवढंच, त्याच्या पुढे नाही. रस्त्यावरचा दिवा त्या आठवड्यात बंदच होता. आभाळात थोडा उजेड होता, पण तो माझ्यासाठी. मुकुंदसाठी रात्र कधीच झाली होती. आपण त्याला मारलं, असं मी मनात अगदी स्पष्ट म्हटल्याचं मला आठवतं.

तो दिवसभर कुठे होता ते त्याने कधी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. नंतर लौकरच त्याने सायकल भास्करला देऊन टाकली. ऑफिसने त्याला बसून करायचं काम दिलं, मग तेही जमेना. आता त्याला खिडकी कुठे आहे एवढं कळतं. बाजारात जाताना तो माझं कोपर धरतो, पायऱ्या आल्या की मी हळूच सांगते, त्याला त्याचं काही वाटत नाही, निदान तसं दाखवत नाही. पण चैत्रात, फुलं पडायच्या दिवसांत, तो गॅलरीत बसतो आणि कधी कधी त्याचे पाय जागच्या जागी किंचित हलतात, चढ लागल्यासारखे. मी तेव्हा त्याला हाक मारत नाही. त्या रस्त्यावर काय होतं, कोण भेटलं, पडला का, रडला का, मला माहीत नाही. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात तेवढी एकच जागा आहे जिथे मी गेलेले नाही.

तर त्या संध्याकाळी मी फाटकापाशी उभी होते. पूर्ण काळोख झाल्यावर रस्त्यावर खडीचा आवाज आला. बारीक, सावकाश, सारखा. मुकुंद सायकल हाताने ढकलत येत होता. पुढचं चाक त्याने डांबराच्या कडेवर ठेवलं होतं, अर्धं रस्त्यावर, अर्धं खडीत, आणि त्या आवाजाच्या धाग्याने तो येत होता. किती अंतर असा आला असेल कोण जाणे. शर्ट खांद्यावर फाटला होता. मी हाक मारली नाही. धावलेही नाही. श्वास धरून भिंतीला टेकले आणि तो माझ्यासमोरून, हात लावता येईल इतक्या जवळून गेला. हाताने फाटक चाचपलं, सायकल स्टँडवर लावली. घामाचा आणि धुराचा वास आला. मग तो आत गेला नाही. ज्या रस्त्याने आला त्या काळोखाकडे तोंड करून उभा राहिला. खूप वेळ. मी तशीच, प्लास्टरचा हात पोटाशी धरून.

मग मागे न वळता तो म्हणाला, "सुमे, चल आता. आत जाऊ."